कावळ्याचे अभिप्राय

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी ‘छान झालं होतं’ असं म्हणत नाही. आम्ही श्राद्धाचा स्वयंपाक करून घरपोच देतो. खीर, उडदाचे वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवारीची आणि लाल भोपळ्याची भाजी, अळूचं पातळ. कांदा-लसणाला आमच्या स्वयंपाकघरात पितृपक्षभर बंदी. आणि या जेवणाची तारीफ करायची नाही, ही आमच्याकडची रीत. पान पितरांचं, मग चवीचा निकाल आपण कोण देणार, असं आई म्हणते. जेवणारे मुकाट्यानं जेवतात आणि मुकाट्यानं हात धुतात. निघताना त्यांना कुणी ‘पुन्हा या’ म्हणत नाही. श्राद्धाला पुन्हा या, असं म्हणायचं तरी कसं?

अशा धंद्याची ऑनलाइन जाहिरात करायची आणि तिच्यासाठी सरकारकडून अनुदान मिळवायचं, ही बुद्धी मला कशी झाली ते देव जाणे. बुद्धी झाली खरी, आणि मग तिनं माझी झोप खाल्ली.

आमचे आजोबा भिक्षुकी करायचे. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. ते गेले तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होते. मी एकटीच मुलगी, म्हणून थोडे दिवस आईजवळ राहायचं ठरवून सिडकोतल्या आमच्या रो हाऊसमध्ये परत आले. थोड्या दिवसांचे थोडे महिने झाले. त्याच सुमारास शेजारच्या काकूंचे गुडघे गेले आणि त्यांच्या सासऱ्यांच्या तिथीचं पान आईनं इथून करून पाठवलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या जावेनं मागितलं, मग जावेच्या बहिणीनं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नोकरीला जाणाऱ्या माणसांना तिथी तर पाळायची असते, पण वडे तळायला घरात कुणी नसतं. आई बाबांच्या माघारी दिवसचे दिवस खुर्चीत बसून असायची, ती पदर खोचून ओट्याशी उभी राहिली. मी पाहत होते. असं उभं राहिलेलं माणूस पुन्हा खुर्चीत बसवायची माझी छाती नव्हती.

पण ओळखीच्या चार घरांवर धंदा चालत नाही. आणि पुण्याच्या कंपनीनं माझी जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवली होती, त्यानंतर नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. छोट्या धंद्यांना जाहिरातीसाठी मिळणारं ते अनुदान आलं, तर मदतीला दोन बायका कायमच्या ठेवायच्या, वर्षभराचं काम उभं करायचं, आणि मी इथंच राहायचं. नाही आलं, तर बॅग भरायची. आईला यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं. पुण्याचा फोन आला की मी खोलीचं दार लावून बोलायची आणि बाहेर आल्यावर उगीचच पाणी प्यायची.

अनुदानाची गंमत अशी की पैसे आधी आपण घालायचे. बिलं जोडायची, पाहणी झाली की मग सरकार त्यातला वाटा परत देणार. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला माहीत होतं. बाबांच्या घरात वाढले मी. तरी साठवलेलं सगळं काढलं आणि जालना रोडवर जाहिराती करून देणाऱ्या एका बाईंकडे गेले. बाई हुशार. काचेच्या टेबलामागं बसून त्यांनी मला पहिला नमुना दाखवला. केळीच्या पानाभोवती हसरं कुटुंब, वर लाल अक्षरांत ‘पितृपक्ष स्पेशल! तीन पानांवर एक पान मोफत!’

मी म्हटलं, “अहो, हसतायत कशाला सगळे?”

“मॅडम, जाहिरातीत लोक हसतातच. रडणारे लोक दाखवले तर ऑर्डर कोण देणार?”

“आणि चौथं पान कुणाचं? उगाच मोफत आहे म्हणून कुणाला पितरांत बसवायचं?”

त्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी पाटावर मांडलेलं एक पान, शेजारी तांब्या-भांडं, एवढाच फोटो ठरला. खाली एकच ओळ, ‘तिथी सांगा, पान पोहोचेल.’ जाहिरात सुरू झाली त्याच दिवशी दुपारी आईच्या मावसभावाचा फोन. वय झालेलं, एवढ्यातच दवाखान्यातून घरी आलेले. म्हणाले, “काय गं, तुमची श्राद्धाची जाहिरात माझ्याच मोबाइलवर कशी काय आली? मला डॉक्टरांनी काही सांगितलं नाही, तुला काही कळलंय का?” त्यांची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले.

पण खरं सांगते, जाहिरात चालली. पितृपक्ष लागला आणि फोन थांबेना. उल्कानगरी, बीड बायपास, पार वाळूजपर्यंतची माणसं तिथी सांगू लागली. नळाला पाणी यायचा दिवस आणि पंचमी एकाच दिवशी आली, तेव्हा आम्ही पिंप, पातेली, बादल्या, जे हाती लागेल ते भरून ठेवलं आणि तरी टँकर मागवावा लागला. आई खुशीत होती. मी मात्र वडे मोजायचे सोडून कागद मोजत होते, कारण घोडं भलत्याच ठिकाणी अडलं होतं.

योजनेत एक अट होती. जाहिरात बघून आलेल्या ग्राहकांचे निदान दहा अभिप्राय ऑनलाइन दिसले पाहिजेत, तेही ठरल्या तारखेच्या आत. मी ती अट वाचलीच नव्हती असं नाही. वाचली होती, आणि दहा म्हणजे किती, असं म्हणून पुढं गेले होते. पानं शेकड्यानं गेली. अभिप्राय एक नाही. श्राद्धाचं जेवून ‘अप्रतिम चव, नक्की मागवा’ असं कोण लिहिणार? आपल्याच रीतीत आपण अडकलो आहोत, हे तारीख जवळ आल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, “त्यात काय. आमच्याकडे लिहिणारी माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत पन्नास टाकते.”

“खोटे?”

“मॅडम, खोटे कसे? जेवण तर चांगलंच आहे ना तुमचं?”

मी ‘उद्या सांगते’ म्हणून घरी आले. नाही म्हणाले नाही, हे लक्षात घ्या. वाटेत सिग्नलला उभी असताना माझा मनात पहिला अभिप्राय रचूनसुद्धा झाला होता. घरी आईला विचारलं, म्हणजे मोघम, की असं करतात हल्ली लोक. आई कढई घासत होती. ती म्हणाली, “जिवंत माणसांना फसव गं एक वेळ. मेलेल्यांच्या पानावर खोटं नको.” मला तिचा राग आला. तिला काय जातंय बोलायला, असं वाटलं. तिला कुठं माहीत होतं की कशावर काय टांगलेलं आहे?

मग मी सरळ वाटेनं जायचं ठरवलं आणि ती वाट आणखी वाकडी निघाली. सकाळपासून गिऱ्हाइकांना फोन लावत बसले. “नमस्कार, काल आपल्याकडे पान पोहोचलं होतं, जेवण कसं होतं ते दोन ओळींत लिहाल का?” पहिल्याच फोनवर एक निवृत्त गृहस्थ भेटले. काल त्यांनी पत्नीचं श्राद्ध केलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही आपल्यातल्याच ना? श्राद्धाचं जेवण कसं होतं असं विचारतात का कुणी?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फोन ठेवायला लागले तर तेच म्हणाले, “तुम्हाला गरज दिसतेय. चवीचं मी लिहिणार नाही. जे झालं ते लिहीन.”

दुपारी पहिला अभिप्राय आला. ‘पान ठेवल्याबरोबर कावळा शिवला.’ बस्स, एवढंच.

संध्याकाळपर्यंत दुसरा. ‘कावळा लगेच शिवला.’ तिसऱ्यानं लिहिलं, ‘दरवर्षी तासभर थांबावं लागतं. यंदा दोन आले.’ वाळूजच्या एका सुनेनं लिहिलं, ‘सासूबाई कडक होत्या. कावळा शिवेल असं वाटलं नव्हतं. शिवला.’ हे वाचून मी ओट्याला टेकून हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही. दहा झाले, बारा झाले.

फक्त एक गोष्ट मी पाहिली नव्हती. अभिप्राय लिहायचा तर वर तारे द्यावे लागतात. तारे दिल्याशिवाय तो पुढं जातच नाही. आणि तारे देणं म्हणजे तारीफच की! तेव्हा प्रत्येकानं रीत सांभाळून, देता येईल तेवढं कमी, म्हणजे एकच तारा दिला होता. ओळीनं बारा माणसं, प्रत्येकाचा एक तारा आणि प्रत्येकाच्या खाली कावळा. जाहिरातवाल्या बाईंनी ते बघून मला फोन केला आणि नुसत्या ‘अहो मॅडम, अहो मॅडम’ करत राहिल्या.

तारीख संपायच्या आदल्या दिवशी अनुदानाच्या कचेरीतून फोन आला. साहेबांचा आवाज फुलंब्री-सिल्लोडकडचा, मोकळा.

“म्याडम, तुमची फाइल हाये माझ्याकडं. अभिप्राय बघितले. सगळे एक तारेवाले, अन् सगळ्यात कावळाच!”

“साहेब, त्याचं असं आहे—”

“मला कळतंय हो. मी बी गावाकडचाच. पण वरच्या टेबलावर बसल्याला कसं कळंल? त्याला दिसणार, सगळी गिऱ्हाइकं नाराज अन् अन्नाला कावळ्यानं तोंड लावलंय. मला जागेवर येऊन बघावं लागंल. उद्याच येतो, नंतर तारीख नाय.”

उद्या म्हणजे बाबांची तिथी होती.

मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार! त्या दिवशी बाहेरच्या ऑर्डरी आम्ही घेतल्याच नव्हत्या. आई पहाटे उठून स्वतःच्या नवऱ्याचं पान करत होती आणि मी बिलांची फाइल चौथ्यांदा लावत होते. गुरुजी घाईत आले. या पंधरवड्यात गुरुजींना दम खायला फुरसत नसते. त्यांनी आवरलं आणि ते पुढच्या घरी गेले. आम्ही कावळ्याचं पान घेऊन गच्चीवर जायला आणि साहेबांची मोटरसायकल दारात यायला एकच गाठ पडली.

“पाच मिनिटं बसता का साहेब? पान ठेवून येतो,” मी म्हटलं.

“मी बी येतो की वर,” ते म्हणाले, आणि जिन्याशी बूट काढून आमच्या मागून आले. हातात मोबाइल. फोटो जागेवरूनच काढायचा, त्यात ठिकाण उमटलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

पान कठड्यावर ठेवलं. आईनं पाणी फिरवलं. आम्ही मागं सरकलो.

कावळा होता. शेजारच्यांच्या टाकीवर बसला होता. एक डोळा आमच्याकडं, एक रस्त्याकडं. पण हलेना. आई वाट बघत उभी राहिली. मी आधी कावळ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना अजून फुलंब्रीला एक पाहणी होती, येतानाच त्यांनी सांगितलं होतं. ऊन चढलं. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. बाबांना काय हवंय, हा विचार मी करतच नव्हते. मी म्हणत होते, आमचा एवढा गाजावाजा केला लोकांनी, कावळा लगेच शिवतो म्हणून, आणि नेमका साहेबांसमोर आमच्याच घरचा शिवत नाही! आता फाइलवर हेच जाणार.

साहेबच हळू आवाजात म्हणाले, “काकू, काही राहिलं असंल त्यांच्या मनात. बोलून टाका.”

आई जरा पुढं झाली. बाबांशी बोलताना तिचा आवाज नेहमी असायचा तसाच, थोडा कंटाळलेला, होता.

“अहो, पोरीची पुण्याची नोकरी दसऱ्यापर्यंत आहे. ती मला सांगत नाही, पण मला ठाऊक आहे. दार लावून बोलते, पण केवढ्या मोठ्यानं! मी अडवणार नाही तिला. माझ्यापायी तिचं अडायला नको, हेच ना तुमच्या मनात? मी राहीन एकटी. राहते की बायका. जाऊ दे तिला. घ्या आता.”

कावळा जागचा हलला नाही.

मला काय झालं कुणास ठाऊक. आईचा राग आला, की हिनं सगळं ऐकलं आणि इतके दिवस तोंड मिटून वडे तळत बसली. बाबांचा राग आला, की हयातीत कधी मनातलं बोलले नाहीत आणि आता या काळ्या पाखराकरवी आमची परीक्षा बघतायत. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ते ‘पाहिले’ एवढाच शेरा मारायचे आणि खाली सही. पहिली आले तरी ‘पाहिले’, गणितात नापास झाले तरी ‘पाहिले’. मी पुढं गेले आणि ओरडलेच.

“मी कुठंही जाणार नाहीये! आईसाठी म्हणून नाही. मला इथंच राहायचंय, मला हे काम करायचंय, मला आवडतं हे! अनुदान गेलं खड्ड्यात! नाही मिळालं तर नाही मिळालं, घरोघर फिरून सांगेन लोकांना. ऐकताय का तुम्ही?”

बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की अनुदान देणारे साहेब माझ्या मागं हातभर अंतरावर उभे आहेत.

कावळा उडाला. सरळ कठड्यावर आला, मान वाकडी करून पानाकडं बघितलं, आणि वडा उचलला.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि हात जोडले. मी वळून बघायला घाबरत होते. बघितलं तेव्हा साहेबांनीही हात जोडलेले होते, मोबाइल दोन तळव्यांच्या मधे धरून. फोटो काढायचा राहिलाच होता. तो त्यांनी खाली येऊन स्वयंपाकघरात काढला. पातेली, शेगडी, मी आणि आई, दोघींचे डोळे लाल.

ते निघायला लागले तर आईनं वाट अडवली. “श्राद्धाच्या वेळी दारात आलेला माणूस उपाशी जात नसतो.” कचेरीतली माणसं अशा वेळी जेवत नाहीत, त्यांना तसं चालतही नसावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग पाटावर बसले. खीर झाली, वडे झाले, आईनं भोपळ्याची भाजी पुन्हा वाढली. एकदा आमसुलाच्या चटणीचं बोट चाटल्यावर त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते. आणि मिटलं. हात धुतले, बूट घातले. आई दारात उभी राहिली. ती ‘या’ म्हणाली नाही आणि ते ‘येतो’ म्हणाले नाहीत. मोटरसायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत आम्ही दोघी तिथंच होतो.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दार उघडं ठेवून, चांगलं मोठ्यानं. आई देवापाशी वात करत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण वात मात्र तिच्याकडून लांबच लांब होत गेली. आता तर पाठीशी ना नोकरी होती ना अनुदानाची खात्री. रात्री जेवताना आईनं विचारलं, “भीती वाटतेय का?” मी हो म्हटलं. “मला पण,” ती म्हणाली, आणि आम्ही दुपारची उरलेली खीर वाटून घेतली.

सर्वपित्री झाली, पितृपक्ष सरला. घटस्थापनेच्या आसपास मी अर्जाचं काय झालं ते मोबाइलवर उघडून बघितलं. पैसे आले नव्हते. फाइल वरच्या टेबलावर गेलेली होती आणि ती तिथं अजूनही आहे. पण खाली पाहणीचा शेरा दिसत होता. मी तो आईला वाचून दाखवला.

‘जागेवर जाऊन पाहणी केली. व्यवसाय चालू आहे. ग्राहकांचे अभिप्राय खरे आहेत. कावळा शिवतो. समक्ष पाहिले.’

आई डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“शेवटचं काय म्हणालीस?”

“समक्ष पाहिले.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“तुझ्या बाबांनी पण एवढंच लिहिलं असतं,” ती म्हणाली, आणि डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.